भूकंपासाठी इमारतीची नोंदवही : कोल्हापुरातल्या वाड्यात आणि सोसायटीत काय, कुठे, कसं मोजायचं

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात जिन्याजवळच्या भिंतीवर एक तिरकी भेग आहे. घरातल्या आजींनी ती मला दाखवली. "ही कोयनेच्या भूकंपातली. पहाटं फळीवरची भांडी पडली आणि उजाडल्यावर भिंतीवर ही दिसली." मी विचारलं, "आजी, तेव्हापासून वाढली आहे का?" त्या म्हणाल्या, "वाढली असंल की. मोजलीया कुणी?"

मोजलेली नव्हती. ११ डिसेंबर १९६७ पासून ती भेग तिथे आहे, मधे तीनदा रंग लागला, दोनदा लांबी भरली गेली, पण ती स्थिर आहे की सरकते आहे हे सांगणारा एकही आकडा त्या घरात नाही. शहरातल्या बहुतेक इमारतींची, अगदी दहा वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटचीही, हीच गत आहे.

आपण कोल्हापूरकर पावसाळ्यात रोज सकाळी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या आकड्यांना अर्थ आहे, कारण पट्टी कायमची आहे, शून्य ठरलेलं आहे आणि नदी शांत असतानाही नोंद होते. इमारतीलाही अशीच पट्टी लावता येते. ती कशी लावायची ते इथे सविस्तर लिहितो. भूकंप कधी होणार हे यातलं कुठलंही यंत्र सांगत नाही. तारीख-वेळ देऊन भाकीत करण्याची पद्धत जगात कुणाकडेच नाही, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर तसा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

आपल्याला हे का लागतं

कोयनानगर कोल्हापूरपासून सरळ रेषेत साधारण ९० किलोमीटरवर आहे. शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि १९६७ ला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. पुढे वारणेचं धरण भरू लागल्यावर त्या पट्ट्यातही धक्के सुरू झाले, आणि आजही या भागात लहान भूकंप होतच असतात. म्हणूनच केंद्र सरकारने कराडला खास प्रयोगशाळा उभी केली आणि गोठणे इथे ३ किलोमीटर खोल वेधन विहीर घेतली. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत कोल्हापूर झोन ३ मध्ये (मध्यम धोका) आहे, तर कोयनेचा परिसर झोन ४ मध्ये (जास्त धोका).

मोजणीचं मोल कोयनेनेच शिकवलं. धरणाच्या आतल्या गॅलरीत एक कंपनमापक बसवलेला होता. त्या पहाटे त्याने गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे सुमारे ०.४९ इतका आडवा धक्का नोंदवला. धरणाचा आराखडा ०.०५ हा गुणांक धरून केलेला होता. धरणाला वरच्या भागात, जिथे उतार बदलतो तिथे भेगा गेल्या, पण ते टिकलं. तो आलेख हातात असल्यामुळे नेमकं काय घडलं ते अभियंत्यांना कळलं, धरणाला आधार देऊन ते मजबूत करता आलं, आणि आजही जगभर धरणांच्या भूकंपविषयक गणितात तो आलेख वापरला जातो. एका यंत्राने एवढं दिलं.

अपार्टमेंटवाल्यांसाठी दुसरी आठवण २६ जानेवारी २००१ ची. भूकंप भुजजवळ झाला, पण दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतल्या इमारती कोसळल्या. खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, असं बांधकाम त्यात पुष्कळ होतं. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क भागात फिरा, खाली पार्किंग असलेल्या किती इमारती दिसतात ते बघा.

आधी कागद आणि डोळे

यंत्राची खरेदी सगळ्यात शेवटी. आधी मंजूर नकाशा, आरसीसी ड्रॉइंग आणि बांधकामाचं वर्ष शोधा. ड्रॉइंग मिळत नसेल तर ज्या इंजिनिअरने काम केलं त्यांच्याकडे विचारा, महापालिकेत अर्ज करा. यात महिना गेला तरी चालेल. ड्रॉइंगशिवाय पुढचे आकडे अर्धेच बोलतात.

मग एका रविवारी दोघांनी मिळून तळापासून गच्चीपर्यंत चालायचं. मोबाइलने प्रत्येक कॉलमचा, जिन्याचा, गच्चीच्या कोपऱ्याचा फोटो घ्यायचा, शेजारी स्टीलची पट्टी धरून. पार्किंगमधल्या कॉलमांना तळाशी पोपडे आले आहेत का, सळई दिसते का, कुणी दुकानासाठी भिंत काढली आहे का, गच्चीवर नंतर शेड किंवा जादा टाकी चढवली आहे का, हे लिहायचं. फोटोंना फ्लॅट नंबर आणि कॉलम नंबरानेच नाव द्या. "सी-७, उत्तर बाजू" असं नाव असेल तर पाच वर्षांनीही फोटो सापडतो.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर (काँक्रीटचा कठीणपणा बघणारा हातोडा), अल्ट्रासॉनिक तपासणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते) आणि सळईच्या गंजाची तपासणी करून घ्या. अल्ट्रासॉनिक वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला तर त्या काँक्रीटबद्दल शंका घ्यायची. गंजाच्या तपासणीत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर सळई गंजते आहे असं जवळपास धरून चालायचं. ऑडिट झालेलं नसताना सेन्सर बसवणं म्हणजे ताप न बघता पेशंटला घड्याळ बांधणं. माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ऑडिट करा.

भेग मोजणं

जुने गवंडी भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवायचे. काच फुटली तर भिंत हलली. पद्धत चांगली, पण उत्तर फक्त हो किंवा नाही. आपल्याला किती आणि कुठल्या दिशेने तेही हवं.

यासाठी तीन छोटे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि एक डिजिटल व्हर्नियर पुरतो. भेगेच्या एका बाजूला दोन स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला एक, असा साधारण ८ सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण करायचा. गिलाव्यात बसवू नका. तेवढा गिलावा काढून विटेत किंवा काँक्रीटमध्ये भोक पाडा आणि इपॉक्सीने घट्ट करा, नाहीतर तुम्ही गिलाव्याची हालचाल मोजत बसाल. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सेंटर पंचने बारीक खड्डा पाडा, म्हणजे व्हर्नियरची टोकं दरवेळी त्याच जागी बसतील. एकाच बाजूचे दोन स्क्रू ही तुमची पडताळणी आहे. ते अंतर बदलायला नको. बदललं तर चूक हाताची आहे किंवा स्क्रू सैल झाला आहे. उरलेल्या दोन अंतरांवरून भेग उघडते आहे की भिंतीची एक बाजू दुसरीवरून सरकते आहे, हे दोन्ही कळतं. भूकंपाच्या दृष्टीने सरकणं जास्त चिंतेचं.

दर पंधरा दिवसांनी, सकाळी एकाच वेळी, शक्यतो एकाच माणसाने तीन-तीन वाचनं घ्यायची आणि सरासरी लिहायची. शेजारी तापमान आणि "पाऊस / कोरडं" एवढं लिहा. पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. पंचगंगेच्या बाजूच्या काळ्या मातीवर उभी घरं उन्हाळ्यात माती आकसली की वेगळी वागतात आणि आषाढ-श्रावणात फुगली की वेगळी. मे महिन्यात उघडलेली भेग ऑगस्टमध्ये मिटताना दिसली तर तो मातीचा श्वास आहे. दरवर्षी मिटताना थोडी कमी मिटत असेल, म्हणजे वर्षअखेरीचा आकडा चढत असेल, तेव्हा इंजिनिअरला बोलवा. आरसीसी बीम-कॉलममध्ये ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग दिसली तर वर्षभर थांबू नका, लगेच दाखवा.

कलणं

इथे मी डिजिटलपेक्षा ओळंब्याच्या बाजूने आहे. तीन मीटर उंचीत भिंत ३ मिलिमीटर कलली तर कोन होतो ०.०५७ अंश. बाजारातलं स्वस्त डिजिटल लेव्हल ०.१ अंशाचा फरक सांगतं, म्हणजे ते हे बघणारच नाही, आणि मोबाइलमधलं लेव्हलही नाही. जिन्याच्या डकमध्ये चार-पाच मजले लांब तार सोडा, खालचं वजन तेलाच्या बादलीत बुडवा म्हणजे ते झुलणार नाही, आणि तळाशी पक्क्या बसवलेल्या पट्टीवर दर तीन महिन्यांनी वाचन घ्या. सततची नोंद हवीच असेल तर चांगल्या प्रतीचा टिल्टमीटर लागतो. वाड्यांच्या जाड दगडी-विटांच्या भिंतींसाठी भेग, ओळंबा आणि ओल या तीन नोंदी पुरेशा आहेत. पुढची कंपनांची पद्धत लाकडी तक्तपोशीच्या वाड्यात फारसं काही देत नाही, कारण तिथे भिंती एकसंध हलत नाहीत.

इमारतीची स्वतःची लय

कुंभाराकडे मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात. अखंड मडक्याचा आवाज खणखणीत येतो, चिरलेल्याचा बद्द. इमारतीलाही तिची ठरलेली लय असते, तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. ताठरपणा कमी झाला की लय मंदावते. हा संबंध वर्गाचा आहे: वारंवारता ५ टक्के उतरली तर ताठरपणा सुमारे १० टक्के उतरला, १० टक्के उतरली तर १९ टक्के.

टिचकी मारायची गरज नसते. वारा, रस्त्यावरची वाहनं, दूरवरची यंत्रं इमारतीला सतत अगदी बारीक हलवत असतात, आणि त्या हालचालीत तिची लय उमटते.

अंदाज आधी कागदावर काढा. विटांच्या भिंती भरलेल्या आरसीसी इमारतीसाठी आयएस १८९३ मधलं सूत्र असं: उंचीला ०.०९ ने गुणा आणि त्या दिशेतल्या लांबीच्या वर्गमुळाने भागा. पार्किंग अधिक सहा मजले म्हणजे उंची २१ मीटर, एका दिशेने लांबी १६ मीटर, तर एका हेलकाव्याचा कालावधी ०.४७ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण २.१ हेलकावे. दुसऱ्या दिशेने लांबी २५ मीटर असेल तर २.६. प्रत्यक्षात आकडा थोडा वेगळा, बऱ्याचदा वरच येतो. सूत्र फक्त कुठे शोधायचं ते सांगतं.

आता यंत्र. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप मोबाइलच्या त्वरणमापकाचा आलेख आणि वारंवारता दाखवतं. शिकण्यासाठी ते उत्तम, कॉलेजच्या पोरांनी जरूर वापरावं. पण मोबाइलचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे सेन्सरमध्येच तयार होणारी खोटी कंपनं, इमारतीच्या शांत रात्रीच्या कंपनांपेक्षा मोठा असतो. प्रोजेक्टमध्ये सर्रास वापरला जाणारा एमपीयू ६०५० हा सेन्सरही याच कारणाने टाळा, त्याचा गोंगाट ४०० मायक्रो-जीच्या (गुरुत्व त्वरणाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रो-जी म्हणतात) घरात आहे. एडीएक्सएल ३५५ या सेन्सरचा सुमारे २५. ईएसपी ३२ हा छोटा संगणक-बोर्ड आणि मेमरी कार्डासह तो काही हजारांत उभा राहतो, फक्त तासभराची नोंद घेऊन सरासरी काढावी लागते. याहून चांगलं हवं असेल तर जिओफोनवर (कंपनं टिपणाऱ्या संवेदकावर) चालणारं रास्पबेरी शेक हे तयार यंत्र. त्याचं तीन जिओफोन असलेलं, थ्री-डी मॉडेल घ्या. बाकीच्या काही मॉडेलमध्ये एकच उभा जिओफोन असतो, आणि इमारतीची लय शोधायला आडवी कंपनं लागतात.

ताराबाई पार्कातल्या एका सोसायटीत आम्ही मार्चमधल्या रात्री दोन वाजता मोजणी केली. पहिली रात्र मी वाया घालवली होती. सेन्सर गच्चीच्या टाइलवर ठेवला आणि ती टाइल पोकळ होती, आलेखात नुसता गोंधळ. दुसऱ्या वेळी आधी नाण्याने टाइल ठोकून बघितल्या, मग जिन्याच्या डोक्यावर कॉलमला लागून स्लॅबवरच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तीन ठिपक्यांवर सेन्सर बसवला. एक कड इमारतीच्या लांबीला समांतर. वॉचमनकाकांना सांगून लिफ्ट आणि पंप बंद. टाकी भरलेली, आणि ते वहीत लिहिलं, कारण २० हजार लिटर म्हणजे माथ्यावरचे २० टन, भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत वारंवारता एक-दीड टक्क्याने हलू शकते. मग सगळे खाली आलो, कारण गच्चीवर चालणारा माणूसही दिसतो.

४५ मिनिटांची नोंद, सेकंदाला १०० नमुने. लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सायपायच्या वेल्च पद्धतीने वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती कंपन आहे याचा आलेख, काढला. एका दिशेने २.४ हर्ट्झला (सेकंदाला २.४ हेलकावे) सुबक शिखर, दुसऱ्या दिशेने २.९ ला. शिवाय २४ हर्ट्झला सुईसारखी टोकदार रेघ, साधारण वीस मिनिटांनी उगवलेली. शेजारच्या बंगल्याचा पंप सुरू झाला होता. मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर म्हणजे सेकंदाला २४. शिखर सुईसारखं बारीक असेल तर ते यंत्राचं, थोडं पसरट असेल तर इमारतीचं, हा फरक नजरेला लवकर बसतो.

हीच मोजणी वर्षातून चारदा करा: उन्हाळ्यात, भर पावसात, दिवाळीनंतर आणि जानेवारीच्या थंडीत. त्याच जागी, त्याच वेळी, टाकी त्याच पातळीला. चार वाचनांतला फरक ही तुमच्या इमारतीची नेहमीची चढ-उतार. मग दुसरा सेन्सर गच्चीच्या विरुद्ध कोपऱ्यावर ठेवून एकदा मोजा. दोन कोपरे उलट्या दिशेने हलताना दिसले तर इमारत पिळवटते आहे. लिफ्टचा गाळा एका टोकाला असलेल्या इमारतीत हे वारंवार दिसतं.

कायमचा सेन्सर ठेवायचा असेल तर

किमान दोन लागतात, एक तळमजल्यावर आणि एक गच्चीजवळ. जमिनीने काय दिलं आणि इमारतीने त्याचं काय केलं, हे दोघांच्या तुलनेतूनच कळतं. दोघांची घड्याळं इंटरनेटवरून जुळलेली हवीत. तीन दिशा, सेकंदाला १०० नमुने धरले तर एका सेन्सरचा दिवसाचा डेटा साधारण १०० एमबी होतो. सगळा साठवत बसू नका, दर तासाचा वर्णपट ठेवा आणि धक्क्यासारखं काही आलं तर तेवढा तुकडा पूर्ण ठेवा. एका सेकंदाची सरासरी ३० सेकंदांच्या सरासरीच्या चौपट झाली की नोंद सुरू, ही साधी अट बरीच कामाची आहे. गणपतीच्या विसर्जन मिरवणुकीत आवाजाच्या भिंतींनी ती शंभरदा लागेल. त्यावर उपाय म्हणजे दूरच्या दुसऱ्या सोसायटीतही सेन्सर असणं. दोन्हीकडे एकाच वेळी लागली तरच भूकंप समजायचा. यूपीएस लावा आणि वायफायवर भरवसा न ठेवता मेमरी कार्डावरही नोंद ठेवा, कारण मोठ्या धक्क्यात पहिली वीज जाते.

केआयटी, डी. वाय. पाटील, शिवाजी विद्यापीठ, सांगलीचं वालचंद कॉलेज, इथल्या अभियांत्रिकी विभागांकडे सोसायटीने स्वतःहून जावं. मुलांना प्रोजेक्ट हवा असतो आणि आपल्याला दरवर्षी कुणीतरी आकडे बघणारं.

आणि हे आजच करा: अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा व आणीबाणी या भागात भूकंपाचा इशारा चालू आहे का बघा. भारतात ही सोय २०२३ पासून आहे. कोयनेत मोठा धक्का झाला तर त्याच्या मुख्य लाटा कोल्हापुरात पोचायला साधारण २५ सेकंद लागतात. फोनला मधला वेळ वजा जाता जे काही सेकंद मिळतील ते गॅस बंद करून टेबलाखाली शिरायला पुरतात, पाच मजले उतरायला नाही.

आकडा उतरला, पुढे काय

कॅलिफोर्नियात कॅलटेक या विद्यापीठाच्या आवारातलं ९ मजली मिलिकन ग्रंथालय (आताचं नाव कॅलटेक हॉल) १९६७ पासून मोजलं जातं. अनेक भूकंपांनंतर त्याची पूर्व-पश्चिम वारंवारता सुमारे २२ टक्के उतरली, आणि ती इमारत आजही वापरात आहे. पाऊस, वारा, उष्णतेनेही तिथे आकडे हलतात. म्हणजे घसरण दिसली की लगेच घर सोडायचं, असं गणित नाही.

माझा ठोकताळा असा. ऋतूंची नेहमीची चढ-उतार सोडून ३ टक्क्यांच्या आत फरक असेल तर वहीत नोंद आणि पुन्हा मोजणी. ५ टक्क्यांहून जास्त उतरली आणि दुसऱ्या मोजणीतही तेच आलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन्ही आलेख दाखवा. १० टक्क्यांच्या पुढे गेली तर त्याच आठवड्यात. त्याआधी मात्र विचारा: कुणी फ्लॅटमधली भिंत काढली का? गच्चीवर काही चढलं का? कितीदा तरी उत्तर तिथेच मिळतं, आणि खालच्या मजल्यावरची काढलेली भिंत हे स्वतःच भूकंपाच्या दृष्टीने गंभीर कारण आहे.

धक्का बसल्यानंतर

आधी माणसं बाहेर मोकळ्या जागेत, मग गॅस आणि विजेचा मेन स्विच. पार्किंगच्या कॉलमांना तिरक्या भेगा, काँक्रीट सुटून सळई वाकलेली, दरवाजे चौकटीत अडकलेले, यातलं काहीही दिसलं तर सेन्सर काय म्हणतो हे बघायलाही आत जाऊ नका.

असं काही नसेल तर क्रम असा ठेवा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या 'भूकंप' (BhooKamp) अॅपवर केंद्र आणि तीव्रता बघा. धक्क्याची नोंद सेन्सरमधून लॅपटॉपवर आणि मेलवर, दोन्हीकडे काढा. धक्का चालू असताना वारंवारता तात्पुरती खाली जाते, त्यामुळे ते वाचन निकाल म्हणून धरू नका. त्याच रात्री आणि पुढच्या तीन रात्री शांत वेळची मोजणी करा आणि वहीतल्या त्याच ऋतूच्या आकड्याशी ताडा. भेगेवरचे स्क्रू पुन्हा मोजा, फोटो त्याच कोनातून घ्या. मजल्यामागे आडवं सरकणं किती झालं हे इंजिनिअर नोंदीवरून काढतील. संहितेने तीन मीटरच्या मजल्याला १२ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. ते गणित स्वतः करू नका, त्वरणावरून सरकणं काढताना छोटी चूक भराभर वाढत जाते.

वही आणि फोटोंची एक प्रत चेअरमनकडे, एक सेक्रेटरीकडे आणि एक ऑनलाइन ठेवा. कमिटी बदलली की चार्ज देताना हिशेबाच्या फाइलींबरोबर तीही सही घेऊन सुपूर्द करा, आणि पुढच्या मोजणीची तारीख नोटीस बोर्डावर लावा.